बर्फ, आग आणि प्रसन्न प्रणय : उत्तर अमेरिकी लोकप्रिय कथनातील हॉकीपटू व अग्निशामक

प्रस्तावना

भारतीय वाचकाच्या मनात 'हॉकी' हा शब्द उच्चारताच हिरवे मैदान उभे राहते. कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागात मात्र या शब्दाचा रूढ अर्थ बर्फावर खेळली जाणारी आइस हॉकी असा आहे. पायात धारदार पात्यांचे बूट, अंगावर चिलखतासारखा पोशाख, ताशी कित्येक किलोमीटर वेगाने सरकणारी देहांची धडक आणि नियमांच्या चौकटीत सामावून घेतलेली हाणामारी असे या खेळाचे स्वरूप आहे. या खेळाडूला नायक किंवा नायिका करून लिहिल्या जाणाऱ्या प्रणयकादंबऱ्यांचा एक स्वतंत्र प्रवाह तेथील पुस्तकबाजारात स्थिरावला आहे. हॅना ग्रेस यांची 'आइसब्रेकर' (२०२२) ही कादंबरी किंवा रेचल रीड यांच्या 'हीटेड रायव्हलरी' (२०१९) या कादंबरीवरून २०२५ साली कॅनडात आलेली दूरचित्रवाणी मालिका ही त्याची अलीकडची उदाहरणे होत. याच बाजारात अग्निशमन दलातील जवान हाही तितकाच लोकप्रिय नायक आहे.

हॉकीपटू व अग्निशामक यांची हलकीफुलकी प्रेमकथा हा या दोन प्रवाहांचा संगम होय. बर्फ आणि आग यांचा विरोध शीर्षकाला व मुखपृष्ठाला सोयीचा असल्याने या जोडीकडे केवळ विक्रीची क्लृप्ती म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात ही समजूत तपासली आहे. या दोन व्यवसायांत विरोधापेक्षा साम्य अधिक आहे. दोन्ही व्यवसायांत माणूस आपला देह पणाला लावतो, आणि दोन्हींच्या पाठीशी दुखापतीची व मृत्यूची शक्यता उभी असते. अशा व्यवसायांतील माणसांची प्रेमकथा 'हलकीफुलकी' कशी राहू शकते, तिचा हलकेपणा नेमका कशाच्या बळावर टिकतो आणि त्यासाठी कथनाला काय वगळावे लागते, हे येथील मुख्य प्रश्न आहेत.

विवेचनाची चौकट

जॅनिस रॅडवे यांच्या 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या ग्रंथाने प्रणयकादंबरीच्या वाचक स्त्रियांकडे गांभीर्याने पाहण्याची वाट रूढ केली. पामेला रेजिस यांनी 'अ नॅचरल हिस्टरी ऑफ द रोमान्स नॉव्हेल' (२००३) या ग्रंथात या साहित्यप्रकाराचे आठ आवश्यक घटक सांगितले. त्यांतील एक घटक प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. प्रेमिकांचे मीलन आता अशक्यच, असे वाटायला लावणाऱ्या क्षणाला रेजिस प्रतीकात्मक मृत्यूचा क्षण मानतात. हा मृत्यू बहुधा रूपकात्मक असतो. गैरसमज, ताटातूट किंवा नकार त्याची जागा घेतो.

सामान्य प्रणयकथेत हे रूपक निर्वेधपणे चालते. नायक अग्निशामक असेल, तर मात्र हे रूपक कोणत्याही क्षणी शब्दशः खरे होऊ शकते. बर्फावर वेगाने खेळणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत मृत्यू विरळा असला, तरी कारकीर्दीचा अंत एका धडकेच्या अंतरावर असतो. म्हणून या कथांतील प्रत्येक लेखकाला खरा धोका कोठे ठेवायचा हा एक तांत्रिक आणि नैतिक निर्णय घ्यावाच लागतो.

भारतीय काव्यशास्त्राची एक जाणीव येथे उपयोगी पडते. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगारापासून आणि अद्भुताची वीरापासून सांगितली आहे. त्या दृष्टीने अग्निशामक व खेळाडू हे मूळचे वीररसाचे आलंबन आहेत. हलकीफुलकी प्रेमकथा त्यांना शृंगारात आणते आणि त्या शृंगारातून हास्य निर्माण करते. हे स्थलांतर सहज घडलेले दिसले, तरी त्यासाठी वीराच्या शेजारी असलेला भयानक आणि करुण दूर ठेवावा लागतो. तो कसा दूर ठेवला, यावर त्या कृतीची गुणवत्ता ठरते.

शोकाची पार्श्वभूमी

उत्तर अमेरिकेच्या सार्वजनिक स्मृतीत हे दोन व्यवसाय एका प्रसंगी शेजारी उभे राहिले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलातील ३४३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ७ ऑक्टोबर २००१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये न्यूयॉर्क रेंजर्स या हॉकी संघाचा हंगामातील पहिला घरचा सामना झाला. त्या प्रसंगी कर्णधार मार्क मेसियर याने हल्ल्यात मरण पावलेले अग्निशमन अधिकारी रे डाउनी यांचे शिरस्त्राण आपल्या डोक्यावर घातले. खेळाडूच्या डोक्यावर अग्निशामकाचे शिरस्त्राण, हे दृश्य तेथील क्रीडारसिकांच्या स्मरणात राहिले.

या घटनेचा प्रणयकादंबरीशी थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे होईल. एवढे मात्र म्हणता येते की २००१ नंतरच्या अमेरिकी वाचकाला अग्निशामक हा केवळ देखणा, बलदंड नायक राहिलेला नाही. तो परत न येण्याची शक्यता वाचकाला ठाऊक असते. या जाणिवेसह लिहिल्या व वाचल्या जाणाऱ्या प्रसन्न कथेत प्रसन्नता ही आयती मिळत नाही. वाचक आणि लेखक यांनी ती आपसांत ठरवून घेतलेली असते. शेवट सुखाचा होईल ही हमी आधी मिळालेली असल्यामुळेच वाचक या माणसाच्या जवळ जाण्यास धजावतो.

'रॉक्सॅन' : सैनिकाचा अग्निशामक होतो

या प्रकारच्या कथनाचा एक उत्कृष्ट नमुना या सर्व घडामोडींच्या आधीचा आहे. फ्रेड शेपिसी दिग्दर्शित 'रॉक्सॅन' (१९८७) हा चित्रपट एदमाँ रोस्ताँ यांच्या 'सायरानो द बर्जराक' (१८९७) या नाटकाचे आधुनिक रूपांतर आहे. पटकथा व प्रमुख भूमिका स्टीव्ह मार्टिन यांची आहे. मूळ नाटकातील लांब नाकाचा सायरानो सैनिक आहे. ख्रिश्चन हा त्याचा प्रतिस्पर्धी आरासच्या वेढ्यात मरतो आणि पुढे कित्येक वर्षांनी, प्रेमाचे गुपित उघड होता होता, सायरानोही मरतो. चित्रपटात सायरानोचा सी. डी. बेल्स होतो. तो डोंगरातील एका लहान गावाच्या अग्निशमन दलाचा प्रमुख आहे.

व्यवसायाचा हा बदल वरवरचा नाही. अग्निशामक हा शत्रू माणूस नसलेला सैनिक आहे. त्याला शौर्य गाजवता येते, परंतु त्यासाठी कोणाचा वध करावा लागत नाही. वेढा गेला, तसे युद्धातील मरणही कथेतून गेले. ख्रिस मरत नाही, दुसऱ्या एका स्त्रीबरोबर गाव सोडून जातो. सी. डी. मरत नाही, त्याला रॉक्सॅन मिळते. शोकांतिकेकडे झुकणाऱ्या नाटकाची सुखात्मिका करण्यासाठी पटकथाकाराने प्रथम नायकाची नोकरी बदलली, हे लक्षणीय आहे.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. या चित्रपटात अग्निशमन ही केवळ पार्श्वभूमी नाही. नायक-नायिकेची पहिली भेटच दलाच्या रोजच्या, किरकोळ कामातून होते. घराबाहेर अडकलेली, अंगावर वस्त्र नसलेली रॉक्सॅन दलाच्या ठाण्याकडे मदत मागायला येते आणि सी. डी. तिला घरात शिरण्याची वाट करून देतो. त्याचे दल गबाळे आहे, जवानांना साधी कामे धड जमत नाहीत आणि विनोदाचा मोठा भाग या अडाणीपणावर उभा आहे. परंतु ज्या नाकामुळे सी. डी. स्वतःला प्रेमास अपात्र समजतो, तेच नाक अखेरीस दूरवरच्या धुराचा वास सर्वांआधी घेते. तोवर शिकून तयार झालेले दल ती आग वेळीच विझवते. नायकाचे व्यंग, त्याचा व्यवसाय आणि त्याचे प्रेम ही तीन सूत्रे एका नाकात गुंफली गेली आहेत. येथे आग आहे, पण ती आटोक्यात येणारी आहे. तिचे प्रमाण विनोदाच्या प्रमाणाशी जुळवून घेतले आहे. भय वगळलेले नाही, त्याला मापात बसवले आहे.

'द कटिंग एज' : दुखापत आरंभी

पॉल मायकेल ग्लेसर दिग्दर्शित आणि टोनी गिलरॉय लिखित 'द कटिंग एज' (१९९२) या चित्रपटाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. डग डॉर्सी हा हॉकीपटू १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमधील सामन्यात जखमी होतो आणि त्याच्या एका डोळ्याची कडेची दृष्टी अधू होते. हॉकीत चारी बाजूंनी प्रतिस्पर्धी येत असल्याने ही उणीव त्याची कारकीर्द संपवते. पुढे एक प्रशिक्षक त्याला केट मोझली या श्रीमंत घरातील, तापट फिगर स्केटरचा जोडीदार म्हणून उभा करतो. दोघांची भांडणे, टोमणे आणि सराव यांतून प्रेम उमलते व कथा १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकपर्यंत पोचते.

येथे धोका कथेच्या आरंभीच खर्च केला आहे. वाईट जे व्हायचे ते होऊन गेले आहे, म्हणून उरलेली कथा हसू शकते. ही युक्ती चतुर आहे. तिच्यातून एक सुंदर अर्थही निघतो. ज्याला बाजूचे दिसत नाही, त्याला आता समोरच्या एकाच जोडीदाराकडे पाहत खेळायचे आहे. हॉकीतील देह प्रतिस्पर्ध्याला पाडण्यासाठी असतो. जोडीच्या स्केटिंगमध्ये तोच देह जोडीदाराला पडू न देण्यासाठी वापरावा लागतो. धडकेकडून आधाराकडे झालेला हा देहाचा प्रवास हीच या चित्रपटातील खरी प्रेमकथा आहे. कबुलीजबाबाचे संवाद त्या मानाने दुय्यम आहेत. अखेरच्या फेरीत प्रेमाची कबुली आणि सर्वांत जोखमीची उडी एकमेकींना बांधलेल्या आहेत. धोका पुन्हा येतो तो विश्वासाची कसोटी म्हणून.

या चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. नायकाला प्रेम मिळते ते हॉकी सुटल्यावर. चालू हंगामातील, रोज मार खाणारा, परगावी फिरणारा खेळाडू प्रेमात कसा पडतो आणि त्या प्रेमाचे काय होते, हा प्रश्न चित्रपट टाळतो.

केट मीडर : एक लेखिका, दोन व्यवसाय

हा टाळलेला प्रश्न अलीकडच्या कादंबरीमालांनी उचलला. केट मीडर यांचे लेखन या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे, कारण त्यांनी एकाच शहराच्या पार्श्वभूमीवर अग्निशामकांची 'हॉट इन शिकागो' आणि हॉकीपटूंची 'शिकागो रेबेल्स' अशा दोन माला लिहिल्या. शिकागोची निवड अर्थपूर्ण आहे. १८७१ च्या महाआगीतून पुन्हा उभे राहिलेले हे शहर आहे आणि १९२६ पासून तेथे व्यावसायिक आइस हॉकीचा संघही आहे.

'प्लेइंग विथ फायर' (२०१५) या कादंबरीची नायिका अलेक्झांड्रा डेम्प्सी ही आपल्या अग्निशमन तुकडीतील एकमेव स्त्री आहे. पुरुष सहकाऱ्यांना तिची क्षमता पटत नाही, त्यांच्या बायकांना तिचा संशय येतो आणि भावांना तिला जपून ठेवायचे असते. ती शहराच्या महापौराचा जीव वाचवते आणि तरीही तिला हवा असलेला आदर सहजी मिळत नाही. प्रणयकथेच्या परंपरेत नायकाने नायिकेला आगीतून उचलून आणावे, हा संकेत इतका रुळलेला आहे की तो उलटवताच विनोद आणि संघर्ष दोन्ही आपोआप निर्माण होतात. वाचवला गेलेला पुरुष आपले नायकपण कसे सांभाळतो, हा या कादंबरीतील हसू आणणारा आणि विचार करायला लावणारा भाग आहे.

'इर्रेझिस्टिबल यू' (२०१७) मध्ये वडिलांच्या निधनानंतर हॉकी संघ वारशाने मिळालेल्या तीन बहिणींपैकी हार्पर चेस ही नायिका आहे. नायक रेमी डुप्रे हा कारकीर्दीच्या उतरणीला लागलेला, विजेतेपद हुकलेला खेळाडू आहे आणि मनाविरुद्ध या संघात आलेला आहे. येथे धोका दुखापतीचा नसून काळाचा आहे. खेळाडूचा देह ही मुदत असलेली वस्तू आहे आणि तिची खरेदी-विक्री होते, याची जाणीव कादंबरी हसतखेळत करून देते. मालकीण आणि तिच्या संघातील खेळाडू यांच्या प्रेमात सत्तेचा जो तोल आहे, त्याला लेखिका भिडते, परंतु प्रकाराच्या संकेतामुळे तो प्रश्न शेवटी प्रेमात विरघळतो.

जोडीचे गणित : दोघेही बाहेर पडणारे

वरील कृतींत हॉकीपटू व अग्निशामक वेगवेगळ्या कथांत आहेत. ही दोन माणसे एकाच कथेत समोरासमोर आणली, तर काय घडते याचा विचार आता करता येईल. धोक्याच्या व्यवसायाभोवती फिरणाऱ्या प्रेमकथेत परंपरेने एक जण जातो आणि दुसरा वाट पाहतो. वाट पाहणे बहुधा स्त्रीच्या वाट्याला येते. हॉकीपटू व अग्निशामक यांच्या जोडीत घरी थांबणारे कोणी उरत नाही. खेळाडूचे निम्मे सामने परगावी असतात. अमेरिकेतील अनेक अग्निशमन दलांत सलग २४ तासांची पाळी असते. त्यामुळे वाट पाहणे परस्परांचे होते आणि त्यात समता येते. दोघांनाही देहाची भाषा कळते. ठणकणारा खांदा किंवा काळवंडलेले बोट पाहून त्यांना स्पष्टीकरण मागावे लागत नाही.

विनोदाच्या दृष्टीनेही ही जोडी सुपीक आहे. दोघांच्याही मागे एक एक टोळके आहे. खेळाडूंची पोशाखखोली आणि अग्निशमन ठाण्यातील स्वयंपाकघर या दोन्ही ठिकाणी एकांत नसतो, टोपणनावे असतात, थट्टा असते आणि कोणाचेही प्रेम सर्वांच्या मालकीचे असते. रेजिस यांच्या घटकांत प्रथम येतो तो कथेतील समाज. येथे एकाऐवजी दोन समाज आहेत आणि त्यांची सोयरीक जुळणे हाच सुखात्मिकेचा विषय होतो.

अडचण प्रतीकात्मक मृत्यूच्या क्षणापाशी येते. सामान्य वकुबाचा लेखक येथे मोठी आग लावतो किंवा नायकाला स्ट्रेचरवरून बाहेर काढतो आणि त्या धक्क्याने प्रेमाची कबुली मिळवतो. या वाटेने हलकेपणा मोडतो. त्याहून वाईट म्हणजे व्यवसाय हा भावनेचा खटका बनतो. दुसरा सामान्य लेखक उलट टोकाला जातो आणि गणवेश मुखपृष्ठापुरता ठेवून व्यवसाय विसरतो. 'रॉक्सॅन'चे यश असे की तेथे व्यवसाय खटका नाही आणि वेषही नाही. तो स्वभाव आहे.

अचानक संकट आणि संथ हानी

या प्रकाराच्या मर्यादेचा विचार केल्याशिवाय विवेचन पूर्ण होणार नाही. हलकीफुलकी प्रेमकथा अचानक येणाऱ्या संकटाला सामावून घेऊ शकते, कारण त्याला आरंभ व शेवट असतो. संथपणे साचणारी हानी मात्र तिच्या हाती लागत नाही. हॉकीतील मारामारीसाठी ख्यात असलेला डेरेक बुगार्ड २०११ साली वयाच्या २८ व्या वर्षी मरण पावला. वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा मेंदूचा विकार त्याला असल्याचे मृत्यूनंतरच्या तपासणीत आढळले. डोक्याच्या दुखापतींबाबत माजी खेळाडूंनी नॅशनल हॉकी लीगविरुद्ध केलेल्या दाव्यांत २०१८ साली सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरची तडजोड झाली. अग्निशमनाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली या व्यवसायातील संपर्काला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात स्थान दिले. ही दोन्ही दुखणी ज्वाळेसारखी दिसत नाहीत. ती सुखान्त झाल्यानंतर, शेवटच्या पानाच्या पलीकडे सुरू होतात.

प्रणयकादंबरीने वैद्यकीय अहवाल व्हावे, अशी अपेक्षा करणे अप्रस्तुत होय. मराठी समीक्षेला हा वाद नवा नाही. फडके-खांडेकर यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या कलावाद आणि जीवनवाद यांच्या झगड्यात रंजनाला पळवाट ठरवण्याची घाई एका बाजूने झाली आणि रंजनाला कोणतीही जबाबदारी नाही असे मानण्याची चूक दुसऱ्या बाजूने झाली. प्रस्तुत कथांचा विचार करताना या दोन्हींपासून सावध राहिले पाहिजे. वाचकाला शेवट सुखाचा हवा असतो, याचा अर्थ त्याला धोका ठाऊक नसतो असा होत नाही. धोका ठाऊक असलेल्या वाचकासमोर लेखकाने अज्ञानाचे सोंग आणू नये, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे. विसरभोळा झालेला खेळाडू विनोदाचा विषय केला आणि त्या विसरण्यामागील आघातांची सूचनाही दिली नाही, तर तो विनोद पोकळ होतो. याउलट कामावरून परतलेल्या माणसाने काजळीने माखलेले कपडे दाराबाहेर काढून ठेवावेत आणि त्यावरून घरात थट्टा व्हावी, एवढ्या तपशिलानेही हलकेपणा न मोडता पुढच्या आयुष्याची काळजी व्यक्त होऊ शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. हॉकीपटू व अग्निशामक यांच्या प्रेमकथेचे आकर्षण बर्फ व आग यांच्या विरोधात नसून देह पणाला लावणाऱ्या दोन व्यवसायांच्या साम्यात आहे.

२. अशा कथेचा हलकेपणा धोक्याच्या मांडणीवर अवलंबून असतो. 'रॉक्सॅन' धोक्याला मापात बसवते, 'द कटिंग एज' तो आरंभी खर्च करते, मीडर यांच्या कादंबऱ्या त्याला लिंगभाव, वय आणि सत्ता यांच्या प्रश्नांत रूपांतरित करतात.

३. व्यवसाय हा पात्राचा वेष आहे, कबुलीचा खटका आहे की स्वभाव आहे, या निकषावर या कृतींची प्रतवारी करता येते. केवळ लोकप्रियतेमुळे त्यांना एकाच पंक्तीत बसवणे समीक्षेच्या दृष्टीने अन्यायाचे आहे.

४. दोघेही बाहेर पडणारे असल्याने या जोडीत वाट पाहण्याची परंपरागत विषम वाटणी मोडते. ही या कथाबंधाची सर्वांत मोलाची शक्यता आहे.

५. संथ हानीचे भान हे या प्रकारापुढील खरे आव्हान आहे. सुखान्त मोडून ते पेलता येणार नाही. सुखान्तातच उद्याच्या काळजीला जागा करून देणारा लेखक ते पेलू शकेल. दोन माणसे एकमेकांच्या परतण्याची वाट पाहतात आणि परतल्यावर एकमेकांच्या जखमा तपासतात, एवढ्या साध्या कृतीतही शृंगार, हास्य आणि करुणा एकत्र नांदू शकतात.